ऑफ-सीझनच्या नोंदी: हायस्कूल बास्केटबॉलपटूंचा वैयक्तिक कौशल्य-सराव

तयारी

हंगाम चालू असताना कुणाचा शॉट मोडून नव्याने बांधायला घेता येत नाही. दोन दिवसांवर सामना असतो आणि कुठलाही बदल करायला घेतला की टक्केवारी आधी घसरतेच. ती घसरण परवडते फक्त ऑफ-सीझनमध्ये. म्हणून बेत आखताना एकच गोष्ट धरून चाललोय: प्रत्येकाने एक, फार तर दोन गोष्टी हातात घ्यायच्या आणि त्या सुरुवातीला बिघडल्या तरी घाबरायचं नाही. सेट प्ले, झोन डिफेन्स, प्रेस असं संघाच्या डावपेचांचं काहीही या काळात नाही.

गटात चौघं आहेत. नावांऐवजी जागेनेच ओळख देतो. शूटर: मुलगा, बाहेरून मारायची हौस आणि हिंमत दोन्ही आहे, पण शॉटचा भरवसा नाही. पॉइंट गार्ड: मुलगी, वेगवान, पण सगळं उजव्या हाताने आणि नजर चेंडूवर. सेंटर: गेल्या वर्षभरात झपाट्याने उंच झालेला मुलगा, हातपाय अजून त्याच्या ताब्यात आलेले नाहीत. फॉरवर्ड: मुलगी, ताकदवान, डावीकडून ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन उडीत टाकायचा शॉट) येत नाही आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) वाया घालवते.

सराव सुरू करण्याआधी मोजमापं घेतली. हे काम कुणी करत नाही आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते. रिंग ३.०५ मीटर उंच हवी. आमच्या दोन रिंगांपैकी एक बरोबर निघाली. दुसरी पुढच्या बाजूने खाली झुकलेली, बहुतेक लोंबकळून लोंबकळून वाकलेली. पुढे झुकलेली रिंग शूटरला जास्त उघडी मिळते, त्यामुळे सपाट शॉटसुद्धा आत पडतो. तिच्यावर महिनाभर सराव केला की सपाट शॉटचीच सवय लागणार. ती रिंग शूटिंगसाठी बंद केली. ड्रिबल (चेंडू आपटत नेणं), पिव्होट (एक पाय रोवून त्यावर फिरणं) आणि पासिंगचं काम त्या बाजूला.

रेषा पुसट झालेल्या, म्हणून टेप घेऊन पुन्हा आखल्या. फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या पुढच्या बाजूपासून ४.६० मीटर. थ्री पॉइंटच्या कमानीसाठी दोरीला नट बांधून रिंगच्या बरोबर मध्यातून खाली सोडला, जमिनीवर तो बिंदू खडूने पक्का केला आणि तिथून ६.७५ मीटरची दोरी फिरवली. अमेरिकेतल्या हायस्कूल सामन्यांत हीच रेषा ६.०२ मीटरवर असते. फरक पाऊण मीटरच्या आसपास आहे आणि या वयात तेवढं अंतर फार मोठं. आपली मुलं कुठल्या नियमाने खेळणार ते आधी बघूनच रेषा आखावी.

चेंडू: मुलांना ७ नंबर, मुलींना ६ नंबर. ७ नंबरचा घेर साधारण ७५ ते ७७ सेंटिमीटर, ६ नंबरचा ७१.५ ते ७३. जाळीत एकत्र ठेवले की पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून व्हॉल्व्हजवळ जाड पेनने आकडा मोठा लिहिला. हवा तपासायची जुनी रीत अजून उपयोगी पडते: चेंडूचा तळ १.८ मीटरवर धरून सोडायचा, उसळल्यावर चेंडूचा माथा १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवा. निम्मे चेंडू कमी हवेचे निघाले. अशा चेंडूवर ड्रिबल शिकणारं पोर विनाकारण जोर लावायला शिकतं.

आठवडा १, सोमवार

चाचणी. मोबाइल स्टँडवर लावून प्रत्येकाचा शॉट समोरून आणि बाजूने टिपला. पाच जागांवरून शूटिंग, दोन्ही हातांनी ले-अप, आणि फ्री थ्रो दोन-दोनच्या जोडीने.

वहीत "गेला / नाही गेला" एवढंच लिहायचं नाही असं ठरवलंय. चुकलेला प्रत्येक शॉट कसा चुकला ते लिहायचं. चार रकाने: शॉर्ट (अलीकडे पडलेला), लाँग (पलीकडे गेलेला), डावीकडे, उजवीकडे. पहिल्याच दिवशी त्याचं महत्त्व दिसलं. शूटर आणि फॉरवर्ड यांचे गेलेले शॉट जवळपास सारखेच. पण फॉरवर्डचे चुकलेले शॉट बहुतेक शॉर्ट, रिंगच्या पुढच्या कडेला लागलेले. शूटरचे उजवीकडे. दोघांना एकच ड्रिल दिलं असतं तर निदान एकाचा वेळ फुकट गेला असता.

आठवडा १, गुरुवार

एक खेळाडू, एक चेंडू, एक रिंग हा बेत मोडीत काढला. तासातला मोठा भाग चेंडू आणण्यात जातो. शॉट मारायचा, चेंडूमागे धावायचं, धापा टाकत परत यायचं आणि घाईत पुढचा मारायचा. अशाने शॉट सुधारत नाही, धावणं तेवढं होतं.

आता जोड्या. एक मारणार, दुसरा रिबाउंड (रिंगखाली परत आलेला चेंडू) घेऊन पास देणार आणि वहीत खूण करणार. दहा शॉटनंतर अदलाबदल. दोन फायदे लगेच दिसले. शॉट मारणाऱ्याला सामन्यात येतो तसा पासवरून चेंडू मिळतो. आणि वही सांभाळणाऱ्याची नजर तयार होते. पॉइंट गार्डने आज स्वतःहून शूटरला सांगितलं, "अरे, तुझा चेंडू हवेत वाकडा फिरतोय." मी अजून त्याला तसं काही बोललोच नव्हतो.

पास देणाऱ्याने रिंगखाली उभं राहूनच पास द्यायचा नाही. सामन्यात पास विंगवरून (बाजूने) येतो, टॉपवरून (रिंगच्या समोरून, लांबून) येतो. तिथे जाऊन द्यायचा.

आठवडा २, मंगळवार

शूटरच्या शॉटवर पूर्ण दिवस. पॉइंट गार्डचं म्हणणं बरोबर निघालं. चेंडूभोवती रंगीत चिकटपट्टी एका सरळ रेषेत फिरवली. बॅकस्पिन (चेंडूची मागच्या दिशेची फिरकी) स्वच्छ असेल तर हवेत ती पट्टी उभ्या रेषेसारखी स्थिर दिसते. त्याची पट्टी हेलकावत होती. व्हिडिओ हळू करून पाहिला: चेंडू हातातून सुटायच्या क्षणी डाव्या हाताचा अंगठा पुढे ढकलतो. डावा हात फक्त आधाराला असतो. त्याचा अंगठा ढकलायला लागला की उजव्या हाताने मारणाऱ्याचा चेंडू उजवीकडे जातो, आणि अंगठ्याचा जोर दर वेळी वेगळा असल्यामुळे कधी थोडा, कधी जास्त.

"अंगठा वापरू नकोस" असं सांगून बघितलं. डावा हात लाकडासारखा ताठ झाला, खांदाही वर गेला. सूचना बंद केली.

आठवडा २, गुरुवार

दुसरा प्रयत्न: एका हाताने शॉट, रिंगपासून दीड मीटरवर. डावा हात पाठीमागे. पट्टी सुरेख सरळ फिरते, चेंडू जाळीतून अलगद पडतो. पण डावा हात परत आणला की अंगठाही परत येतो. एका हाताचा सराव लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही.

मग कागदाची छोटी घडी करून त्याच्या डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दिली. शॉट सुटल्यावर घडी चिमटीतच राहिली पाहिजे. अंगठा हलला की कागद खाली. याने काम केलं, कारण चूक झाल्याचं मला सांगावं लागत नाही. त्याच क्षणी त्याला स्वतःला कळतं. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक शॉटला कागद पडत होता. सराव संपेपर्यंत दोन मीटरच्या आत तो टिकायला लागला. एक पाऊल मागे गेलं की पुन्हा खाली.

त्यातून कारणही कळलं. त्याने लहानपणी मोठ्या चेंडूवर, पूर्ण उंचीच्या रिंगवर शॉट शिकला. एका हाताचा जोर पुरत नव्हता, म्हणून दुसरा अंगठा मदतीला आला आणि तिथेच राहिला. आता ताकद आली, पण हाताला जुनीच वाट माहीत. लहान मुलांना ५ नंबरचा चेंडू आणि खाली आणलेली रिंग का द्यायची, याचं उत्तर या एका अंगठ्यात आहे.

नियम ठरला: कागद जिथपर्यंत टिकतो तेवढंच अंतर. थ्री पॉइंट रेषा त्याच्यासाठी सध्या बंद. त्याला ते अजिबात आवडलेलं नाही.

आठवडा २, शनिवार

पॉइंट गार्ड. डाव्या हाताचं ड्रिबल, दोन चेंडूंचं ड्रिबल, मग प्लास्टिकच्या मार्करमधून नागमोडी. दोन चेंडू एकदम टाकणं आणि आळीपाळीने टाकणं, दोन्ही करून घेतलं. डाव्या हाताला याचा चांगला उपयोग होतो, कारण उजवा हात सोबत चालू असल्यामुळे डाव्याला लय मिळते.

मार्करमधली तिची वेळ रोज सुधारतेय. पण शेवटी सेंटरला समोर उभं केलं आणि तिची नजर थेट चेंडूवर. पहिल्याच क्रॉसओव्हरला (चेंडू एका हाताकडून दुसऱ्याकडे टाकताना) चेंडू गेला. मार्कर हलत नाही, हात घालत नाही. त्यातून जे शिकली ते मार्करपुरतंच.

आठवडा ३, सोमवार

नजर वर राहावी म्हणून बोटं दाखवायची जुनी रीत करून पाहिली: मी समोरून बोटं वर करतो, तिने ड्रिबल करत आकडा सांगायचा. ती डोकं वर करते, आकडा सांगते आणि पुन्हा खाली बघते. म्हणजे नजर वर येते ती माझ्यासाठी, खेळासाठी नाही.

बदल: मार्कर काढून टाकले. त्यांच्या जागी एक माणूस. ती जवळ आली की तो शेवटच्या क्षणी डावीकडे किंवा उजवीकडे एक पाऊल टाकतो आणि तिने उलट्या बाजूने निघायचं. हात घालायचा नाही, फक्त पाऊल. आता वर बघितल्याशिवाय कुठे जायचं तेच कळत नाही. वेग निम्म्यावर आला, चेंडू पायावर आपटला, दोनदा सुटून कोर्टाबाहेर गेला. पण नजर वर होती. हा सौदा मला मान्य आहे आणि तिलाही तसं स्पष्ट सांगितलं.

आठवडा ३, बुधवार

सेंटरचा गुडघा. गुडघ्याच्या वाटीच्या खाली जो हाडाचा उंचवटा असतो तिथे दुखतंय, दाबलं की कळ, उडी मारून उतरल्यावर जास्त. झपाट्याने उंची वाढत असलेल्या, उड्या मारणाऱ्या मुलांत हे खूप दिसतं. मांडीचा पुढचा स्नायू ज्या जागी नडगीच्या हाडाला ओढतो तिथलं हाड अजून वाढीत असतं. मी डॉक्टर नाही, म्हणून आधी तपासणी, मग सराव. वाढीच्या वयातलं हेच दुखणं, ऑस्गुड-श्लाटर, असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं: उड्या कमी, दुखेल ते बंद, मांडीचं स्ट्रेचिंग, आणि घाई नको.

त्याच्या बेतात रिबाउंडच्या उड्या आणि मायकन ड्रिल होतं. जुन्या काळचा अमेरिकन सेंटर जॉर्ज मायकन याच्या नावाने ओळखलं जाणारं हे ड्रिल उंच खेळाडूसाठी मला सगळ्यात आवडतं: रिंगखाली उजवीकडून उजव्या हाताने, लगेच डावीकडून डाव्या हाताने, चेंडू खांद्याच्या खाली येऊ न देता. पण त्यातही उड्या आहेत. बेतातून काढलं.

आठवडा ३, शुक्रवार

सेंटरचा नवा बेत, सगळं जमिनीवर. दोन पायांवर थांबणं, पुढचा पिव्होट, मागचा पिव्होट, पाठ रिंगकडे ठेवून पास घेणं, खांद्यावरून बघणं, हनुवटीखाली चेंडू घट्ट धरणं, एका हाताने आडवा पास. चालण्याच्या वेगाने. दुखणं कुठेच नाही.

हे आधीच करायला हवं होतं असं त्याचं फुटवर्क बघून वाटतं. पिव्होटचा पाय घसरतो, टाच आधी फिरते, वजन मागच्या पायावर राहतं. उडी मारून तो ही सगळी वैगुण्यं झाकत होता.

बाकीच्या तिघांचं उतरणंही तपासलं. बॉक्सवरून खाली पाऊल टाकून दोन पायांवर उतरायचं, मोबाइल समोरून. फॉरवर्डचे गुडघे उतरताना आत वळतात. या वयातल्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून हे पुढे ढकललं नाही. वॉर्म-अपमध्ये रोज एका पायावर तोल, पायऱ्या चढल्यासारखे लंज, आणि "आवाज न करता उतर" एवढीच सूचना. आवाज कमी करायला गेलं की गुडघे आपोआप वाकतात.

आठवडा ४, मंगळवार

फॉरवर्डचा डावा ले-अप. डावीकडून जाताना उजव्या पायावरून उडायचं, डावा गुडघा आणि डावा हात एकत्र वर. ती डाव्याच पायावरून उडते, त्यामुळे शरीर मुरडतं आणि चेंडू बोर्डाच्या भलत्याच जागी लागतो. धावत येऊन ते सुधारायचा प्रयत्न पूर्ण तासभर केला आणि काही हाती लागलं नाही. वेगात विचार करायला वेळच नसतो.

उलटीकडून सुरुवात केली. रिंगखाली उभी, चेंडूशिवाय: उजव्या पायावर उडी, डावा गुडघा वर, डावा हात बोर्डाला. मग एक पाऊल मागे जाऊन डावा-उजवा. मग हातात चेंडू. मग एक ड्रिबल. ड्रिबल आलं की पाय पुन्हा चुकले, म्हणून एक पायरी खाली. लक्ष्य म्हणून बोर्डावरच्या आतल्या चौकटीचा जवळचा वरचा कोपरा.

इथे एक अडचण नियमाची. चेंडू हातात घेताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा की नाही? २०१७ पासून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात चालत्या खेळाडूला चेंडू ताब्यात घेतल्यानंतर दोन पावलं मिळतात, ताब्यात घेतानाचं पाऊल त्यात धरत नाहीत. हायस्कूलच्या सगळ्याच नियमपुस्तकांत तसं नाही. तिला ट्रॅव्हलिंगची (चेंडू हातात घेऊन जास्त पावलं टाकल्याच्या चुकीची) इतकी धास्ती होती की ती मध्येच थबकायची. आमच्या स्पर्धांचा नियम तिला कोर्टावर चालून दाखवला, तेव्हा तो अडखळ निम्मा तरी गेला.

आठवडा ५, सोमवार

शूटर तळाला पोचलाय. वही सांगते की पहिल्या चाचणीपेक्षा त्याचे कमी शॉट जाताहेत. आज चेंडू खाली ठेवून म्हणाला, "सर, आधीचंच बरं होतं. निदान जात तरी होते." घरूनही विचारणा आली की सराव करून खेळ बिघडतोय का.

त्याला आणि घरच्यांना एकच गोष्ट दाखवली, वही. पहिल्या आठवड्यात चुकलेले शॉट उजवीकडच्या रकान्यात खच्चून भरलेले. आता उजवीकडचा रकाना जवळपास रिकामा, आणि सगळ्या खुणा शॉर्टमध्ये. म्हणजे दिशा बसली, अंतर राहिलं. दिशा चुकली तर रोज वेगळा शॉट मारावा लागतो. अंतर कमी पडत असेल तर तोच शॉट जरा जोराने मारायचा असतो. "म्हणजे अर्धं झालंय?" त्याने विचारलं. हो, आणि अवघड ते अर्धं झालंय, असं त्याला मनापासून सांगितलं. हंगामात ही घसरण मी चालवून घेतली नसती. आता चालवून घेणार.

ही वही नसती तर आज मी त्याला काय दाखवलं असतं, माहीत नाही. टक्केवारी एकटी बघितली असती तर मलाही वाटलं असतं की गाडी उलटी चालली आहे.

आठवडा ६

अर्धा आठवडा कोर्ट मिळालं नाही. भिंतीवर पासिंग, जागेवर ड्रिबल, पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ बघणं. झोपेचाही विषय काढला. या वयात रात्री ८ ते १० तास झोप लागते आणि चौघांपैकी एकालाही तेवढी मिळत नाही. पहाटेचा सराव एक तास पुढे ढकलला. त्यानंतरच्या दोन सत्रांत पहिली वीस मिनिटं वाया जायची ती गेली नाहीत.

आठवडा ७, मंगळवार

शूटरचं शॉर्ट. आधी "पाय वापर" म्हणून बघितलं, तो नुसताच उंच उडायला लागला आणि चेंडू वरून खाली येताना सुटायला लागला. बाजूने काढलेला व्हिडिओ बघितल्यावर कळलं की गुडघे वाकतात, थांबतात आणि मग हात सुरू होतो. मधल्या थांब्यात पायाचा जोर विरून जातो. पास घेतानाच गुडघे वाकलेले ठेवायचे आणि चेंडू वर जाण्याबरोबर पायही सरळ व्हायचे, एवढाच बदल. थांबा गेला की अंतर लगेच वाढलं.

मग शॉटची कमान. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, ७ नंबरचा चेंडू साधारण २४. चेंडू ४५ अंशांच्या कोनात उतरला तर त्याला रिंग सुमारे ३२ सेंटिमीटर उघडी मिळते. ३५ अंशांत उतरला तर २६ च्या आसपास. ३० अंशांत साडेबावीस, म्हणजे कडेला न लागता चेंडू आत जाऊच शकत नाही. हे आकडे खडूने कोर्टावर काढून दाखवले तेव्हा तिथेच उभं राहून त्याने हाताने कोन करून बघितला. सूचना करायची गरज पडली नाही, पुढचे शॉट आपसूक उंच गेले.

आठवडा ७, शुक्रवार

पॉइंट गार्डसमोरचा माणूस आता हात घालतो. तिचा डावा हात टिकतोय. उजवीकडे बंद झाल्यावर डावीकडे दोन ड्रिबल आणि थांबणं, एवढं पक्कं. डाव्या हाताने चालत्या ड्रिबलवरून पास अजून येत नाही, चेंडू दोन हातांत घेऊन मगच देते. पुढच्या ऑफ-सीझनसाठी ते नोंदवून ठेवलं, आत्ता त्याला हात लावणार नाही.

सेंटरचं दुखणं बरंच उतरलंय. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोड्या उड्या सुरू, एका सत्रात मोजक्या, आणि दुसऱ्या दिवशी दुखलं तर कमी. पिव्होटवरून हुक शॉट (बाजूने एका हाताने डोक्यावरून मारायचा शॉट) घेताना आता त्याचा तोल जात नाही.

आठवडा ८, बुधवार

फ्री थ्रो. फॉरवर्ड एका जागी उभी राहून ओळीने मारते तेव्हा लय सापडते आणि खूप जातात. सामन्यात तशी ओळ कधीच येत नाही. दोन मिळतात, धाप लागलेली असते आणि फिबा नियमाने चेंडू हातात आल्यावर ५ सेकंदांत मारावा लागतो. पहिल्या आठवड्यापासून जोडीने मोजत होतो, पण सराव मात्र ओळीनेच चालला होता. आता सरावही तसाच: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाव, दोन फ्री थ्रो, पुन्हा दुसरं काम.

पहिल्या दिवशी सगळे शॉर्ट. दमल्यावर ती गुडघे वाकवत नाही. तिच्यासाठी एक ठरलेला क्रम बांधला: चेंडू तीनदा जमिनीवर आपटायचा, श्वास सोडायचा, गुडघे, शॉट. पाच सेकंदांत आरामात बसतो. श्वास सोडणं विसरली की चेंडूचे टप्पेही घाईत पडतात, त्यामुळे कुठे चुकतंय ते तिचं तिलाच ऐकू येतं.

आठवडा ९, सोमवार

आता ड्रिल कमी, एकास एक जास्त. अट: तीनपेक्षा जास्त ड्रिबल नाहीत, आणि प्रत्येकाने आपण ज्यावर काम केलं त्यातूनच गुण करायचा. फॉरवर्डला डावीकडून गेलं तरच गुण. शूटरला पास घेऊन, समोरचा धावत येत असताना मारला तरच.

शूटरचा अंगठा इथे पुन्हा दिसला. एकटा असताना नाही, पण समोरून हात वर करून कुणी आलं की घाईत जुनी सवय परत येते. कागद पुन्हा काढला, आणि समोरच्याला आधी तीन पावलं लांबून, मग दोन पावलांवरून यायला लावलं. ही पायरी बरीच आधी सुरू करायला हवी होती. दडपण नसताना झालेला बदल दडपणात टिकतो की नाही, हे शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नसतो. पुढच्या वेळी आठवडा ५ पासून प्रत्येक सत्राच्या शेवटी निदान दहा मिनिटं समोर माणूस असेल.

आठवडा १०, गुरुवार

पहिल्या दिवसाचीच चाचणी पुन्हा, त्याच जागा, तेच चेंडू, तीच रिंग.

शूटर फ्री थ्रो रेषेच्या टप्प्यात स्पष्टपणे पुढे गेलाय आणि उजवीकडचा रकाना शांत आहे. थ्री पॉइंट रेषेवरून तो पहिल्या चाचणीच्या जरासाच पुढे, आणि तिथून चुकलेले बहुतेक शॉर्ट. संघाच्या प्रशिक्षकांना सांगितलंय की हंगामाच्या सुरुवातीला त्याला रेषेच्या एक पाऊल आतले शॉट द्या, रेषेवरचे हळूहळू. फॉरवर्डचा डावा ले-अप पूर्ण वेगात बहुतेक वेळा बरोबर पायावरून. दमल्यावर अजून चुकतो. पॉइंट गार्ड नजर वर ठेवून डावीकडे जाते. मार्करमधली वेळ तिने हट्टाने पुन्हा लावायला सांगितली. पहिल्यापेक्षा जरा हळू आली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

सेंटरची उडीची चाचणी घेतली नाही. त्याचं फुटवर्क चौघांत सगळ्यात जास्त सुधारलं, आणि ते बेतात नव्हतंच.

चौघांच्या वहीची पानं आणि व्हिडिओ संघाच्या प्रशिक्षकांकडे दिले. सोबत प्रत्येकासाठी एकच ओळ: शूटरला कागद, फॉरवर्डला श्वास, पॉइंट गार्डला समोर माणूस, सेंटरला मोजून उड्या. आठवड्यातून एकदा, संघाच्या सरावाआधी पंधरा मिनिटं हेच चालू ठेवायचं ठरलंय, आणि चार रकाने रिबाउंड घेणारानेच भरायचे.